बंड्याची गाडी: ई-सायकलमागे ट्रेलर लावून मोठा कुत्रा न्यायचा असेल तर

बंड्या आमचा लॅब्राडॉर. वय ११, वजन ३४ किलो. दोन वर्षांपूर्वी त्याचे मागचे सांधे धरले आणि डॉक्टर म्हणाले, रोज थोडं चालवा, पण मऊ जमिनीवर, डांबरावर नको. आम्ही खारघरला राहतो. मऊ जमीन म्हणजे मैदान, आणि ते घरापासून पावणेदोन किलोमीटर. चारपैकी तीन रिक्षावाले कुत्रा दिसला की रिक्षा पुढे काढतात, चौथा डबल पैसे सांगतो. गाडी नवरा सकाळी सातला घेऊन जातो. घरी असती तरी ते धूड मागच्या सीटवर उचलून ठेवणं माझ्या कमरेला झेपलं नसतं. ई-सायकल मात्र होती.

तिच्यामागे ट्रेलर लावायचं ठरवायला एक संध्याकाळ पुरली. तो नीट चालायला सात महिने लागले, आणि त्यातले पाच निव्वळ चुका निस्तरण्यात गेले. त्या तुम्हाला कराव्या लागू नयेत म्हणून हे लिहितेय.

रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "ओढते का हो सायकल एवढं?" ओढते. मोटर आहे ना. थांबते का, हे मात्र कुणी विचारत नाही, आणि खरी गोम तिथेच आहे. पुढचं सगळं त्याच हिशोबाने वाचा.

१. आधी कुत्र्याला विचारा

म्हणजे त्याच्या डॉक्टरांना. हृदय, श्वास, सांधे दाखवून घ्या. ट्रेलरमध्ये बसून जाणं आरामाचं दिसतं, पण हादरे बसतात आणि तोल सांभाळायला कुत्र्याला सतत अंग ताठ धरावं लागतं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आपल्याकडच्या दमट हवेत मुळातच श्वास कमी पडतो. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय पुढे जाऊ नका.

वय लहान, पाय धड, आणि नुसतं फिरायलाच न्यायचं असेल, तर कृपा करून त्याला चालवा.

२. सायकल या कामाची आहे का?

पहिला प्रश्न नियमांचा. पेडल मारल्यावर जोर देणारी, २५० वॉटच्या मर्यादेतली, ताशी २५ किलोमीटरला मोटरचा जोर बंद होणारी आणि बॅटरी सोडून ६० किलोपर्यंत वजनाची सायकल केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटार वाहन धरली जात नाही. त्यामुळे नंबरप्लेट, लायसन्स, आरटीओ काही नाही. पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर मात्र लागतो. "ताई, ट्रेलर ओढायचाय तर ५०० वॉटचं किट टाकून देतो" असं सांगणारे भेटतील. ते किट बसवलंत की ही सवलत गेली.

दुसरा प्रश्न वजनाचा. कागदावर मांडा. माझं उदाहरण: मी ६२, सायकल २३, बंड्या ३४, ट्रेलर १५, पाणी आणि सटरफटर ३. झाले १३७ किलो. सायकलच्या माहितीपत्रकात कमाल भार किती लिहिलाय ते बघा, आणि ट्रेलर ओढायला कंपनी परवानगी देते का हेही. काही कंपन्या सरळ नाही म्हणतात. तसं असेल तर पुढे तुटलेल्या एक्सलची (चाकाच्या मधल्या दांड्याची) वॉरंटी विसरा.

तिसरा ब्रेकचा. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक हवेतच. रबराचे ब्रेक कोरड्यात एकवेळ निभावतील, पण पहिल्या पावसाच्या सरीत हा सगळा डोलारा तुम्हाला ढकलत सिग्नलच्या पलीकडे नेईल. पॅड नवे घाला. कोणती मूठ दाबली की कोणता ब्रेक लागतो हे आत्ताच बघून ठेवा. सगळ्या सायकलींचं सारखं नसतं.

बॅटरीचा अंदाजही घ्या. ३६ व्होल्ट गुणिले १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॉट-तास. जाहिरातीतल्या अंतराच्या निम्मं मिळेल असं धरून चाला. मला तरी तेवढंच मिळतं.

३. ट्रेलर: बाहेरून मागवा, जुना शोधा, नाहीतर बनवून घ्या

कुत्र्यांसाठी तयार ट्रेलर परदेशात सर्रास मिळतात, आपल्याकडे मागवले तर आयातशुल्क आणि पाठवणावळ धरून किंमत फार वर जाते. मागवलातच तर क्षमता वाचा. बर्ली कंपनीचा टेल वॅगन प्रसिद्ध आहे, पण तो ३४ किलोपर्यंतच. बंड्या बरोबर काठावर, म्हणजे गणपतीत दोन मोदक जास्त झाले की बाहेर. लहान मुलांचा जुना ट्रेलर मिळाला तर सीट काढून चांगला होतो, पण मोठ्या कुत्र्याला लांबी पुरत नाही.

मी बनवून घेतला. कळंबोलीच्या स्टील मार्केटमधून पाइप आणले आणि घराजवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग. पहिला नमुना २५ मिलिमीटर चौकोनी, २ मिलिमीटर जाडीच्या पाइपचा, वर १२ मिलिमीटरचं प्लायवुड. काम भक्कम झालं. इतकं भक्कम की रिकामा ट्रेलर २६ किलो भरला. फॅब्रिकेशनवाल्यांना खिडकीच्या ग्रिल करायची सवय असते. वजन कमी करायचंय हे त्यांच्या गळी उतरवावं लागतं. दुसऱ्या खेपेला १९ मिलिमीटरचा, सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडीचा पाइप घेतला, तळाला पातळ प्लाय आणि त्याखाली आडव्या पट्ट्या. १५ किलोत काम झालं.

मापं अशी घ्या. कुत्रा उभा असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, त्यात १० सेंटिमीटर मिळवा. आडवं होऊन कूस बदलता येईल एवढी रुंदी. तळ जमिनीला जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवा; माझा २२ सेंटिमीटरवर आहे. त्याचे दोन फायदे. ट्रेलर सहज उलटत नाही, आणि म्हातारा कुत्रा एका फळीवरून स्वतः चालत आत जातो, उचलावा लागत नाही.

चाकांपाशी बहुतेकांची फसगत होते. लहान मुलांच्या सायकलची २० इंची पुढची चाकं स्वस्त मिळतात, पण त्यांचा एक्सल दोन्ही टोकांना धरण्यासाठी बनवलेला असतो. एकाच बाजूने अडकवलात तर महिन्याभरात वाकतो. म्हणून चाकाच्या बाहेरूनही पट्टी घ्या, चाक दोन पट्ट्यांच्या मध्ये बसलं पाहिजे.

तळावर जुनी योगा मॅट चिकटवा, नख रुतायला काहीतरी हवं. वर आणि बाजूंना जाड नायलॉनची जाळी. खिडकीची डासांची जाळी लावू नका; बंड्याने ती मांजर बघून एका मिनिटात फाडली.

४. जोड: इथे घाई नको

ट्रेलरचा दांडा सायकलच्या मागच्या एक्सलला डाव्या बाजूने जोडतात, कारण उजवीकडे चेन आणि गिअर. साध्या सायकलला एक लोखंडी पट्टी एक्सलच्या नटखाली घालतात आणि तिला दांडा अडकवतात. सोपं आहे.

पण आपल्याकडच्या बहुतेक ई-सायकलींची मोटर मागच्या चाकाच्या हबमध्येच (मधल्या गड्ड्यात) असते, आणि मग ते सोपं राहत नाही. हब मोटरचा एक्सल जाड असतो, सहसा १२ मिलिमीटरचा, दोन बाजूंनी चपटा केलेला. तयार पट्टीचं भोक त्याहून लहान. शिवाय नटाजवळ एक दात असलेला वॉशर असतो, त्याला टॉर्क वॉशर म्हणतात. दिसायला फालतू चकती, पण काम मोठं. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा एक्सल तितक्याच जोराने उलटा फिरायला बघतो, आणि त्याला हा वॉशर फ्रेमला धरून ठेवतो.

माझ्या पट्टीला जागा व्हावी म्हणून एका मेकॅनिकने तो वॉशर काढून खिशात टाकला. "याची गरज नाही मॅडम." तिसऱ्या दिवशी चढावर जोर दिला, 'टक्' असा आवाज झाला, एक्सल आपल्या खाचेत गर्रकन फिरला आणि त्यातून बाहेर येणारी वायर पिळवटून तुटली. वायर गेली, मोटर चालवणारा कंट्रोलर गेला. बंड्या सुखरूप होता, पण ट्रेलरसकट त्याला ढकलत घरी आणताना वाटेत मला एकूण सात जणांनी "काय विकताय?" विचारलं.

तर क्रम असा: फ्रेम, टॉर्क वॉशर जागच्या जागी, मग तुमची पट्टी, मग वॉशर, मग नट. पट्टी किमान ३ मिलिमीटर जाड पोलादाची, भोक एक्सलच्या मापाचं. नट घट्ट केल्यावर एक्सलचे आटे नटाच्या तोंडापर्यंत तरी आले पाहिजेत. आत राहिले तर पट्टी तिथे लावू नका. फ्रेमला बोल्टने बसणारी पट्टी बनवून घ्या. ज्या बाजूने वायर बाहेर येते ती बाजूही बघा. ती डावीकडे असेल तर पट्टीची कड वायरवर घासणार नाही अशी गोल करून घ्या. सीटच्या नळीला जोडण्याचा सल्ला मिळेल. तो ३४ किलोच्या कुत्र्यासाठी ऐकू नका. ओढ जितकी वर तितकी सायकल डगमगते. मोटर पेडलपाशी असलेली सायकल तुमच्याकडे असेल, तर टॉर्क वॉशर आणि वायरची ही भानगड तुमच्यासाठी नाही. नशीबवान आहात.

दांडा आणि पट्टीमधला सांधा तिन्ही दिशांना हलायला हवा: वळताना, खड्ड्यात वर-खाली, आणि सायकल कलल्यावर. बेअरिंगच्या दुकानात 'रॉड एंड' (गोळ्यावर फिरणारी कडी) मागा; पण एकटा तो बाजूला थोडाच कलतो, तेवढ्यावर विसंबू नका. सायकल पूर्ण आडवी झाली तरी ट्रेलर उभा राहिला पाहिजे. कुत्रा आत नसताना हे करून बघा. आणि एक नायलॉनचा जाड पट्टा दांड्यापासून सायकलच्या फ्रेमला वेगळा बांधा. सांधा सुटलाच तर ट्रेलर त्या पट्ट्यावर राहील.

५. वजनाचा तोल, बाथरूमच्या काट्यावर

कुत्र्याला आत बसवा, दांड्याचं टोक सायकलच्या एक्सलइतक्या उंचीवर वजनकाट्यावर टेकवा (खाली पुस्तकं रचा). काटा ३ ते ६ किलो दाखवत असेल तर झकास. त्याहून खूप जास्त असेल तर मागच्या चाकावर भार येतो. शून्याच्या आसपास किंवा टोक वर उचललं जात असेल तर ते धोक्याचं. असा ट्रेलर वेग वाढला की शेपटीसारखा डुलतो. चाकांचा एक्सल थोडा मागे सरकवून हे जमतं. म्हणून वेल्डिंगवाल्याला चाकाच्या पट्ट्या आधी नुसत्या बोल्टवर बसवायला सांगा.

कुत्रा जागा बदलतो, हे धरूनच चालायचं. बंड्याला मागे बसून मागचं जग बघायला आवडतं. मी त्याची गादीच पुढे ठेवली आणि मागे पाण्याचा कॅन आडवा लावला. महाशयांनी तह मान्य केला.

आत बांधताना हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) बांधा, गळ्यातल्या पट्ट्याला कधीही नाही. ट्रेलर उलटला तर गळपट्टा फास होतो. दोरी इतकी आखूड की डोकं काठाबाहेर जाणार नाही, इतकी लांब की आडवं होता येईल.

६. शिकवणी

दोन आठवडे लागतील असं धरा. पहिले चार-पाच दिवस ट्रेलर हॉलमध्ये, चाकांना विटा लावून. त्यातच जेवण, त्यातच उकडलेली कलेजी. मग सोसायटीच्या आवारात हाताने ढकला. मग सायकल जोडून, सायकल हातात धरून चाला. त्यानंतरच सीटवर बसा, आणि सुरुवातीला दोनच इमारतींची फेरी. कुत्रा जीभ चाटतोय, सतत जांभया देतोय, थरथरतोय तर एक पायरी मागे या.

या काळात तुम्हीही शिका. २० लिटरचे दोन पाण्याचे जार भरून ट्रेलरमध्ये घट्ट बांधा आणि रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारून बघा. पाणी डचमळतं, कुत्र्यासारखंच. मी हे केलं नव्हतं. माझा पहिला जोराचा ब्रेक बंड्या आत असताना होता, आणि ट्रेलरने मला अख्ख्या झेब्रा क्रॉसिंगवरून पुढे नेलं.

७. रस्त्यावर

सपाटीवर ताशी १२ ते १५. वळणावर ८. स्पीडब्रेकरवर माणूस चालतो तेवढा. यापेक्षा जोरात जाता येतं, पण जाऊ नका.

ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना मारा. वळता वळता मारलात तर मागचं वजन सायकलच्या मागच्या चाकाला बाजूला ढकलतं आणि सायकल-ट्रेलर चाकूसारखे मिटतात. उतारावर सुरुवातीपासूनच वेग धरून ठेवा. ओला उतार असेल तर उतरून चाला, त्यात लाज कसली?

ट्रेलर तुमच्यापेक्षा रुंद आहे आणि वळणावर आतून कापतो. तुमची सायकल खड्डा चुकवते, ट्रेलरचं एक चाक बरोबर त्यात जातं. ट्रेलर उलटण्याचं नेहमीचं कारण हेच: एक चाक उंचवट्यावर, दुसरं खाली, आणि वेग. म्हणून स्पीडब्रेकरच्या कडेची ती चिंचोळी फट, जिच्यातून सगळे दुचाकीवाले निसटतात, ती तुमची नाही. मधोमध सरळ जा.

सुरुवात नेहमी हलक्या गिअरमध्ये पेडल मारून करा. थ्रॉटल (पेडल न मारता मोटर चालवणारी मूठ) एकदम पिळलात तर कुत्र्याला हिसका बसतो आणि मोटर तापते. लांब चढावर हब मोटर सावकाश चालवत राहिलात तर ती जास्तच तापते, म्हणून मध्ये थांबा.

मागे लाल लुकलुकणारा दिवा आणि एका काठीवर भगवा किंवा पिवळा झेंडा, एसयूव्हीच्या बॉनेटच्या वर दिसेल एवढा उंच. ट्रेलर बुटका असतो, मागच्याला दिसतच नाही.

रस्ता निवडताना: खारघरमध्ये मी सकाळी साडेपाच ते सात या वेळात सेक्टरच्या आतल्या रस्त्यांनी सेंट्रल पार्कच्या बाजूला जाते. खारघर टेकडीचा चढ विसरा, बेलापूरची पारसिक हिलही. पाम बीच रोड रुंद आणि गुळगुळीत आहे, म्हणूनच तिथे गाड्या सुसाट असतात. नेरूळ-सीवूड्सवाल्यांनी आतले रस्तेच धरावेत. सायन-पनवेल हायवे आणि ठाण्याचा घोडबंदर रोड यांचं नावही काढू नका. ठाणेकरांना येऊरचा मोह होईल. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, तिथे बिबटे आहेत, आणि जाळीच्या पेटीतला कुत्रा घेऊन तिथे जाणं म्हणजे डबा पोचवण्यासारखं आहे. उपवन तलावाच्या आसपास पहाटे फिरा.

८. गल्लीतली मंडळी

भटकी कुत्री. चाकावर चालणारा, हलू न शकणारा, अनोळखी कुत्रा त्यांच्या हद्दीतून जातोय, हे त्यांना सहन होत नाही. पहिल्याच आठवड्यात पाच जण मागे लागले आणि मी घाबरून जोरात पेडल मारलं. तेच चुकलं. पळणाऱ्याच्या मागे ती जास्त पळतात, आणि वेगात ट्रेलर उलटायची भीती.

थांबा. उतरा. सायकल तुमच्या आणि त्यांच्या मध्ये घ्या. दमदार आवाजात "हाट्" म्हणा आणि चालत पुढे जा. हद्द संपली की ती आपोआप थांबतात. वरची जाळी अशा वेळी बंद हवी, कारण आतला म्हातारा या क्षणी तरुण होतो. कुठल्या चौकात कोणती टोळी आहे हे आठवड्याभरात कळतं. तिथे खायला घालणाऱ्या ताई-दादांशी ओळख काढा. त्यांनी दोन दिवस सोबत उभं राहिलं की टोळी तुम्हाला ओळखायला लागते.

९. ऊन

कुत्रा घाम गाळून थंड होत नाही, धापा टाकून होतो, आणि मुंबईच्या दमट हवेत धापांचा उपयोग कमी. त्यात ट्रेलर डांबराला चिकटून, गाड्यांच्या धुराच्या उंचीवर. हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर ठेवा. ठेववली नाही तर फेरी रद्द. मे महिन्यात संध्याकाळी सातलाही रस्ता तापलेला असतो.

निघण्यापूर्वी दोन-तीन तास पोटभर खायला देऊ नका. दर वीस मिनिटांनी पाणी. हिरड्या लालभडक, लाळ घट्ट, पाय लटपटतायत तर उष्माघात समजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. १०५ च्या पुढे जीवावर बेततं. सावलीत न्या, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, वारा घाला, आणि ओतता-ओतताच डॉक्टरांना फोन करा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते.

१०. कागद आणि पिशवी

कागद मोबाइलमध्ये ठेवले तरी चालतात:

- रेबीज लसीचं चालू वर्षाचं प्रमाणपत्र
- महापालिकेचा श्वान परवाना. खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल महापालिकेत येतात, नवी मुंबई महापालिकेत नाही. पत्ता 'नवी मुंबई' लिहितो म्हणून चुकीच्या कार्यालयात हेलपाटा घालणारी मी एकटी नसेन
- सायकलचं बिल आणि मोटर-वेगाची मर्यादा दाखवणारं कंपनीचं प्रमाणपत्र

पोलिसांनी मला दोनदा थांबवलं. एकदा कागद बघितले. एकदा फक्त बंड्यासोबत फोटो हवा होता.

पिशवीत: हवेचा छोटा पंप, पंक्चर किट, एक्सलच्या नटाचा पाना (बहुधा १८ चा, पण मोजून घ्या), दोन लिटर पाणी, वाटी, जास्तीची दोरी, शी उचलायच्या पिशव्या. दर रविवारी एक्सलचा नट, सांधा आणि टायरची हवा बघा.

सोसायटीचं म्हणाल तर ट्रेलर आधी सेक्रेटरींना दाखवा, जागा विचारून घ्या. दांडा बोल्टवर उघडणारा करा, नाहीतर तो लिफ्टमध्ये मावत नाही. आमच्या वॉचमनकाकांनी सुरुवातीला नाक मुरडलं होतं. आता "आजोबा निघाले" म्हणत गेट तेच उघडतात.

११. पावसाळा

जून ते सप्टेंबर बंद. भरलेल्या पाण्याखाली खड्डा दिसत नाही, डिस्कवर चिखल बसतो, आणि उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा आजार कुत्र्याला आणि तुम्हाला दोघांनाही होतो. त्याची कुत्र्याची लस असते, मे महिन्यातच विचारा. बॅटरी काढून घरात ठेवा, पूर्ण भरून नको आणि पूर्ण रिकामीही नको, निम्म्याच्या आसपास.

ट्रेलरची चाकं काढून तो आम्ही हॉलमध्ये आणतो आणि बंड्या चार महिने त्यातच झोपतो. काढलेल्या एक्सलच्या आट्यांना ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळा. मी पहिल्या वर्षी विसरले होते, आणि ऑक्टोबरात गंजलेला नट काढायला पुन्हा त्याच फॅब्रिकेशनवाल्याकडे जावं लागलं. त्याने नट कापला आणि विचारलं, "ताई, यावेळी जाड पाइप घालू का?"